पहिला हप्ता कधी सुरू व्हावा?

जुलै-ऑगस्ट आला की शाखेत माझ्या टेबलासमोर एक ठरावीक जोडी येऊन बसायची. वडील खुर्चीच्या अगदी कडेला, मुलगा किंवा मुलगी त्यांच्या मागे उभी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेले कागद : सातबारा, आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, सीईटीचा निकाल. मी 31 वर्षं एका सरकारी बँकेत काढली आणि त्यातली 11 वर्षं मराठवाड्यातल्या आणि सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत शाखाधिकारी होतो. शैक्षणिक कर्जाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते टेबलाच्या बँकेकडच्या बाजूला बसून पाहिलेलं आहे. त्या खुर्चीत बसून काही घरांवर मी अन्याय केला, हेही सुरुवातीलाच सांगतो.

माझं म्हणणं असं की शिक्षणाच्या कर्जाची परतफेड तारखेवर न ठरता कमाईवर ठरावी. मुलाला पगार सुरू व्हावा, तो पोटापुरता व्हावा, आणि त्याच्या वर जे उरेल त्यातला ठरावीक वाटा कर्जाला जावा. आज तसं होत नाही. अभ्यासक्रम संपून एक वर्ष झालं की हप्ता सुरू होतो. नोकरी लागली आहे का, किती पगाराची, कुठल्या शहरात, याच्याशी हप्त्याचं काही देणंघेणं नसतं.

नियम थोडक्यात सांगतो, कारण ते ठाऊक नसल्यामुळे लोक फार सोसतात. इंडियन बँक्स असोसिएशनने 2001 साली आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आणली. ती पुढे अनेकदा बदलली, पण सांगाडा तोच आहे. 4 लाखांपर्यंत तारण नाही आणि तिसऱ्या माणसाचा जामीनही नाही. 4 ते साडेसात लाखांपर्यंत मूळ योजनेत जामीनदार. त्याच्या वर घर, जमीन, ठेव असं काहीतरी तारण. आईवडील सहकर्जदार मात्र पहिल्या रुपयापासून. 2009 पासून साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांचं शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, पण ते तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच. 2015 पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी पतहमी आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर बुडीत रकमेच्या 75 टक्के बँकेला मिळू शकतात.

या योजनेने पुष्कळ भलं केलं, ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. माझ्या एका शाखेतून दीड लाखाचं कर्ज घेऊन नर्सिंग शिकलेली, ऊसतोड मजुराची मुलगी पाचव्या वर्षी पूर्ण कर्ज फेडून पेढे घेऊन आली होती. तिला मुंबईतल्या एका रुग्णालयात नोकरी लागली होती. तिचा पगार आणि तिचा हप्ता यांचा मेळ बसला. ज्यांचा बसला नाही त्यांच्याबद्दल मी लिहितो आहे.

आधी हिशेब मांडतो. समजा, अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठी दरवर्षी दीड लाख असं 6 लाखांचं कर्ज घेतलं. दर 10 टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष सरळव्याज चढतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. बेरीज 2 लाख 10 हजार. हे व्याज मुद्दलात मिळतं आणि पहिल्या हप्त्याच्या दिवशी कर्ज 8 लाख 10 हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे 10 हजार 700 रुपये, पंधरा वर्षांत फेडायचं तर 8 हजार 700. पंधरा वर्षांच्या वाटेने गेलं तर 6 लाखांच्या शिक्षणाचे एकूण साडेपंधरा लाखांहून जास्त भरले जातात.

आता पलीकडची बाजू. बऱ्याच आयटी कंपन्यांचा नवख्या पदवीधराचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास येऊन थांबला, त्याला दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. हातात महिन्याला पंचवीसेक हजार पडतात. पुण्यात तिघांत एक खोली, मेसचे पैसे, हिंजवडीपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च, गावाकडे थोडेफार. यातून 10 हजार 700 काढायचे. आणि ही झाली नोकरी वेळेवर लागलेल्याची गोष्ट. चाकणच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून अठरा हजारांवर उभ्या असलेल्या पदवीधरालाही हप्ता तेवढाच असतो.

अशा एका मुलाचं खातं माझ्याकडे होतं. पदवी चांगल्या गुणांनी मिळालेली. मग कंत्राटी काम, सहा महिन्यांनी ब्रेक, पुन्हा कंत्राट. तीन हप्ते चुकले, नव्वद दिवस उलटले आणि खातं नियमाप्रमाणे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, झालं. मुलाचं सिबिल, म्हणजे बँकांसमोरची पत, गेलं. त्याहून वाईट म्हणजे वडील सहकर्जदार असल्यामुळे त्यांच्या नावापुढेही थकबाकी लागली आणि जूनमध्ये त्यांचं पीककर्ज नवं होईना. पेरणी तोंडावर आली होती. त्यांनी खासगी सावकाराकडून पैसे उचलले. मुलाचं इंजिनिअर होणं बापाच्या सोयाबीनच्या बियाण्यापर्यंत जाऊन पोचलं. त्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं होतं. का, ते पुढे लिहितो.

शिक्षणाचा खर्च मुलाच्या आणि बापाच्या डोक्यावर आला कसा, हे मागे जाऊन पाहायला हवं. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर मराठी मुलगा कर्नाटकात देणगी भरून इंजिनिअर व्हायला जात होता, हे खरं. राज्यात जागा वाढल्या, हेही खरं. पण विनाअनुदानित या शब्दाचा अर्थ असा की प्राध्यापकाचा पगार, इमारत, प्रयोगशाळा हे सगळं विद्यार्थ्याच्या फीमधून उभं राहणार. 1987 मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा आला. 2005 मध्ये पुण्याच्याच पी. ए. इनामदार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खासगी विनाअनुदानित संस्थांना फी ठरवण्याचा अधिकार आहे, नफेखोरीचा आणि कॅपिटेशनचा नाही. 2015 च्या राज्य कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आलं. संस्था खर्च दाखवते, प्राधिकरण तपासून फी मंजूर करतं. या साऱ्या कायदेशीर प्रवासात, ही फी भरून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती काय पडणार आणि तो ती कशी फेडणार, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. फीचा पाया संस्थेचा खर्च हाच राहिला.

सरकारी संस्थांकडे पाहिलं तरी फार वेगळं चित्र नाही. 2016 मध्ये आयआयटीची बी.टेक.ची वार्षिक फी 90 हजारांवरून 2 लाख झाली. पुढच्या वर्षी उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था काम करू लागली. इमारती आणि प्रयोगशाळांसाठी संस्थांना पूर्वी जिथे अनुदान मिळायचं तिथे आता कर्ज, आणि जुन्या संस्थांना त्याच्या मुद्दलाची परतफेड स्वतःच्या अंतर्गत उत्पन्नातून. अंतर्गत उत्पन्नात मोठा वाटा फीचा. म्हणजे संस्थाही कर्जदार, विद्यार्थीही कर्जदार, आणि दोन्ही कर्जांचा भार शेवटी एकाच मुलाच्या खांद्यावर येतो. बँकेत असताना मला हे समजायला बराच वेळ लागला, कारण आमच्याकडे ती दोन वेगवेगळ्या विभागांची कामं होती.

महाराष्ट्र सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची निम्मी फी शासन भरतं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. हा निर्णय मोठा आहे. माझ्या गावात बारावीनंतर घरी बसवलेल्या दोन मुली यामुळे पुन्हा कॉलेजात गेल्या. पण शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून उशिरा येतात, कधी वर्ष संपल्यावर. तोवर संस्था मुलाकडे तगादा लावते, परीक्षेच्या अर्जावर सही अडवते. आणि वसतिगृह, मेस, प्रवास, लॅपटॉप यांचा खर्च बऱ्याच घरांत फीएवढा होतो. तो कर्जातूनच भागतो.

पहिल्या वर्षाची पहिली फी हा तर वेगळाच पेच. कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीत, जागा मिळाली की प्रवेश पक्का करायला मोजके दिवस असतात. बँक म्हणते बोनाफाईड आणि फी स्ट्रक्चर आणा. कॉलेज म्हणतं आधी फी भरा, मग बोनाफाईड. मंजुरीला दोन आठवडे लागतात, जागा चार दिवसांत जाते. मग काय होतं? आमच्याच शाखेत एका काउंटरवर शैक्षणिक कर्जाचा अर्ज असायचा आणि दुसऱ्या काउंटरवर त्याच घरातल्या बाईंच्या पाटल्या नाहीतर मंगळसूत्र सोनेतारणासाठी तोलले जायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण शाळेत आदराने शिकलो. ते दान एका आईने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी स्वखुशीने केलं होतं. आज हजारो आयांवर तेच सक्तीने येतं, ते फक्त दोन कार्यालयांच्या वेळापत्रकांचा मेळ नाही म्हणून. पहिल्या फीपुरतं बँकेने थेट संस्थेच्या नावे हमीपत्र द्यायचं आणि संस्थेने ते पैशासारखं स्वीकारायचं, एवढा एक शासन निर्णय पुरेसा आहे. त्याला तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. 4 लाखांपर्यंत जामीनदार मागायचा नाही, हे परिपत्रक माझ्या कपाटात होतं. तरी मी मागायचो. एलआयसीची पॉलिसी ठेवा म्हणायचो, गावातला कुणी नोकरदार आणा म्हणायचो. सगळेच शाखाधिकारी असं करत. कारण सोपं होतं : कर्ज बुडालं तर उत्तर मला द्यावं लागणार, आणि कर्ज नाकारलं तर कुणीच विचारणार नव्हतं. एका मुलीचं कर्ज मी वडिलांची सोसायटीची थकबाकी होती म्हणून नाकारलं. कर्ज मुलीच्या भवितव्यावर द्यायचं होतं, मी बापाच्या भूतकाळावर नाकारलं. 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सिबिल कमी आहे एवढ्या कारणावरून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असं म्हटलं, तेव्हा मला ती मुलगी आठवली. ती पुढे काय झाली, मला ठाऊक नाही.

शाखाधिकाऱ्याच्या मनातली ही भीती जाईल कशी? पतहमी आहे, पण हमीचा दावा मंजूर होईपर्यंत खातं थकीतच दिसतं आणि वरिष्ठांच्या बैठकीत त्यावरच बोट ठेवलं जातं. म्हणूनच मी म्हणतो की मूळ दोष हप्त्याच्या रचनेत आहे. हप्ता कमाईशी बांधला तर कमाई नसलेल्या मुलाचं खातं थकीत होणारच नाही, कारण त्या महिन्यात त्याच्याकडून काही येणंच नसेल. मुलगा निर्धास्त, बाप निर्धास्त, आणि टेबलामागचा अधिकारीही.

ऑस्ट्रेलिया 1989 पासून हे करतं. फी सरकारकडे उधार राहते आणि पदवीधराचं उत्पन्न ठरावीक रेषेच्या वर गेलं की करासोबत कापली जाते. इंग्लंडमध्येही तसंच. ऑगस्ट 2023 नंतर पदवीला बसलेल्यांच्या बाबतीत वार्षिक 25 हजार पौंडांच्या वरच्या कमाईच्या 9 टक्के जातात आणि 40 वर्षांनंतर उरलेलं माफ होतं. या पद्धतींत खोट नाही असं नाही. इंग्लंडमध्ये व्याजामुळे अनेकांची बाकी फेडत असतानाही वाढत जाते. ऑस्ट्रेलियात 2023 मध्ये महागाईनुसार सगळ्यांची बाकी एका फटक्यात 7.1 टक्क्यांनी वाढली आणि इतका असंतोष झाला की 2025 मध्ये सरकारला सर्वांची बाकी 20 टक्क्यांनी कमी करावी लागली. आपल्याला यातून शिकायचं ते असं की वाटा कमाईचा असावा आणि व्याज महागाईच्या वर जाऊ नये. दोन्ही हवं. अमेरिकेची वाट मात्र आपण धरू नये. तिथे चार कोटींहून जास्त लोकांवर मिळून 1.6 लाख कोटी डॉलरच्या वर शैक्षणिक कर्ज आहे, दिवाळखोरीतही ते सहसा सुटत नाही, आणि 2023 मध्ये मोठ्या माफीचा प्रयत्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कोसळला.

आपल्याकडे हे कसं दिसेल? माझे आकडे कच्चे आहेत, अर्थतज्ज्ञांनी ते सुधारावेत. महिना 20 हजारांपर्यंत काही नाही. त्याच्या वरच्या रकमेच्या 20 टक्के. 26 हजार कमावणाऱ्याचे 1 हजार 200 जातील, 45 हजारवाल्याचे 5 हजार, 80 हजारवाल्याचे 12 हजार. ज्याचं चांगलं चाललं तो आजच्यापेक्षा लवकर मोकळा होईल. नोकरी गेली की कपात आपोआप थांबेल. पंचवीस वर्षांनंतर जे उरेल ते सरकारने सोडून द्यावं. आणि वडिलांची सही असलीच तर ती शिक्षण संपेपर्यंतच. पहिल्या पगारानंतर त्यांचं नाव कर्जातून निघावं.

यावर पहिला आक्षेप वसुलीचा येतो. आपला देश पगारपत्रकावर चालत नाही, पुष्कळ पदवीधर दुकान टाकतात, कंत्राटावर असतात, शेती करतात, त्यांची कमाई कोण मोजणार? आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. ज्यांचा पीएफ कापला जातो त्यांच्याकडून कपात सोपी आहे. बाकीच्यांनी वर्षातून एकदा उत्पन्नाचं विवरण द्यावं आणि न दिल्यास ठरावीक लहान रक्कम भरावी. यातून काही जण निसटतील. पण आज कोण निसटत नाही? संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2020 च्या डिसेंबरअखेर सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जांपैकी साडेनऊ टक्क्यांहून जास्त रक्कम थकीत होती. हीही गळतीच आहे. शिवाय या गळतीत सिबिल, सावकार आणि बापाचं पीककर्जही वाहून जातं.

दुसरा आक्षेप : पैसा कुठून येणार? सरकार आजही शैक्षणिक कर्जावर पैसा घालतंच, फक्त तो उलट्या माणसाकडे जातो. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आठ वर्षं वजावट मिळते, रकमेला मर्यादा नाही. पण ती जुन्या करप्रणालीतच, आणि मुळात ज्याला कर भरावा लागतो त्यालाच. तीन-साडेतीन लाख कमावणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग शून्य, मोठा पगार असलेल्याला भरपूर. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नाही, जामीनदार नाही, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात 3 टक्के सवलत, वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना. योजना चांगली. पण ती देशभरातल्या निवडक संस्थांसाठीच आहे, सुरुवातीला त्या 860 होत्या. आमच्या तालुक्यातून मुलं ज्या कॉलेजांत जातात त्यांतली बहुतेक त्या यादीत नाहीत. आणि त्या योजनेतही पहिला हप्ता तारखेवरच सुरू होतो.

कुणी म्हणेल, मग सरळ कर्जमाफीच करा, शेतकऱ्यांची दोनदा केलीच ना. मी याच्या विरोधात आहे. 2017 आणि 2019 ची शेती कर्जमाफी मी शाखेत बसून राबवली आहे. ज्याला बँकेचं कर्ज मिळालं त्याला माफी मिळाली, ज्याला बँकेने दारातच उभं केलं नाही त्याला काहीच मिळालं नाही. शिक्षणातही तसंच होईल. जिला मी कर्ज नाकारलं त्या मुलीला माफीचा काय उपयोग? शिवाय माफी एकदा येते, पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा त्याच हप्त्याला बांधली जातात.

संस्थांनीही तोटा सोसावा का, यावर माझं मत बदललं आहे. पूर्वी मी म्हणायचो की ज्या कॉलेजची मुलं कर्ज फेडू शकत नाहीत त्या कॉलेजकडून बुडीत रकमेचा हिस्सा घ्यावा. पण मग संस्था काय करतील? ज्या मुलांना नोकरी लागणं कठीण, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेली, घरातली पहिलीच शिकणारी मुलं, त्यांनाच बाहेर ठेवतील. तेव्हा हिस्सा नको. पण शुल्क नियामक प्राधिकरणाने फी मंजूर करताना त्या संस्थेच्या मागच्या मुलांची कमाई आणि कर्जफेड पाहावी आणि ती माहिती प्रवेशाच्या वेळी पालकांसमोर उघडी ठेवावी. प्लेसमेंटच्या भिंतीवर सर्वांत मोठ्या पॅकेजचा एक फोटो असतो. पालकाला पगारांच्या रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार कळायला हवा.

परदेशी शिक्षणाच्या कर्जाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेगळा लेख लागेल. एवढंच म्हणतो की घर तारण ठेवून चाळीस-पन्नास लाख काढताना माणूस तिथल्या व्हिसाच्या धोरणावर पैज लावत असतो, आणि सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने नव्या एच-1बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क घातलं तेव्हा ते अनेक घरांना एका रात्रीत समजलं.

मला एक जुनं उदाहरण सारखं आठवतं. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. अट होती, परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी. अट उदार होती : पैसे नव्हे, काम मागितलं होतं. 1917 मध्ये ते बडोद्याला हजर झाले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं आणि त्यांना बडोदा सोडावं लागलं. परतफेड करायला माणूस तयार होता, लायक होता. समाजाने करू दिली नाही. पुढे 1920 मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने उसने दिलेले 5 हजार रुपये एवढं त्यांच्याजवळ होतं. मित्राने तारण मागितलं नव्हतं.

शिकलेल्या माणसाची कमाई त्याच्या एकट्याच्या हातात कधीच नसते. त्याची जात, त्याचं गाव, त्या वर्षीची बाजारपेठ, कारखान्याने कंत्राट नवं केलं की नाही, हे सगळं मध्ये येतं. आजच्या कर्जाच्या करारात हा सगळा धोका एकवीस-बावीस वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या बापावर टाकलेला आहे. कमाईशी जोडलेल्या हप्त्यात तो धोका सरकार, म्हणजे आपण सगळे, वाटून घेतो. आपल्या डॉक्टर, इंजिनिअर आणि नर्सचा उपयोग आपल्यालाच होतो, तेव्हा हे वाटून घेणं मला न्यायाचं वाटतं.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर ज्यांच्या घरात हप्त्याचा फोन येतो आहे त्यांच्यासाठी, मी ज्याला मघाशी अर्धं खरं म्हटलं ते. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेच्या सुधारित आवृत्तीत अशी मुभा आहे की मुलगा बेकार किंवा अर्धबेकार असेल त्या काळात बँक कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा हप्ते पुढे ढकलू शकते, आणि सुरुवातीला लहान आणि नंतर मोठा असा चढता हप्ताही बांधून देऊ शकते. ज्याच्या वडिलांचं पीककर्ज अडलं त्या मुलाला मी हे सांगितलं नाही. त्याने विचारलं नव्हतं आणि मला वाढीव काम नको होतं. तुम्ही विचारा. पहिला हप्ता चुकायच्या आधी जा, तोंडी बोलू नका, नोकरी गेल्याचा किंवा कमी पगाराचा कागद जोडून लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.